एवढंच म्हणायचं होतं

तालुक्याच्या गावी बचत गटांचा मेळावा होता आणि मावशीने हट्टाने मला सोबत नेले होते. सभागृहात बसायला जागा नाही, माईक मध्येच शीळ घालतोय, व्यासपीठावर शाली आणि नारळ रचून ठेवलेले. शेजारच्या गावातल्या एका गटाच्या अध्यक्षाबाईंचा सत्कार त्यांच्या हिशेबवहीसाठी होता. त्या वहीचे एक पान पडद्यावर मोठे करून दाखवले गेले. डाव्या बाजूला सभासद बायकांची नावे, वर बचत, हप्ता, व्याज, दंड असे रकाने, प्रत्येक ओळीची आडवी बेरीज, प्रत्येक रकान्याची उभी बेरीज आणि खाली उजव्या कोपऱ्यात जाड रेघेचा एक चौकोन. दोन्हीकडच्या बेरजा त्या चौकोनात येऊन जुळल्या तर महिना सुटला. नाही जुळल्या तर चूक सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही. ही पद्धत सगळ्या तालुक्याने उचलावी, असे साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. मावशीनेही वाजवल्या. तो चौकोन मी ओळखत होते. मावशीच्या पडवीत, लाल शाईने काढलेला, मी तो कितीदा पाहिला होता, आणि त्या अध्यक्षाबाई तिच्याकडे येऊन मांडीवर वही घेऊन बसल्याचेही मला आठवत होते. परतताना एसटीत मावशी बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिली. मग म्हणाली, "शाल-बिल नको गं मला. 'इथं बघितलं', एवढंच तिनं म्हणायचं होतं." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना.

माझे पोट संगणकावर चालते, म्हणून असेल, पण त्या रात्री मला अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या जॉन व्हिन्सेंट अटानासॉफची आठवण झाली. संगणक कोणी शोधला, या प्रश्नाला शाळेत आपण सगळ्यांनी चार्ल्स बॅबेज असे उत्तर लिहून एक गुण मिळवलेला आहे, आणि ते अगदीच चूक आहे असेही नाही. बॅबेजच्या कागदांवर सगळे यंत्र होते, ते त्याच्या हयातीत उभे राहिले नाही एवढेच. पण दातेरी चाके सोडून विजेवर आकडेमोड करणाऱ्या यंत्राकडे वळले, की त्या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर कठीण होत जाते. इतके कठीण, की अमेरिकेत त्यावर कोर्टकचेरी झाली, १३५ दिवस सुनावणी चालली आणि जबाबांची वीस हजारांवर पाने भरली.

अटानासॉफ आयोवा स्टेट कॉलेजात भौतिकशास्त्र आणि गणित शिकवत असे. वडील बल्गेरियातून आलेले. त्याच्या विद्यार्थ्यांना संशोधनात रेषीय समीकरणांचे मोठाले संच सोडवावे लागत आणि हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर त्यात आठवडेच्या आठवडे जात. यावर काही यंत्र करता येईल का, हा विचार त्याला वर्षानुवर्षे सतावत होता. १९३७-३८ च्या हिवाळ्यात एका रात्री, डोके पार तापल्यावर, तो गाडी काढून सुसाट निघाला, मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये शिरला आणि रस्त्याकडेच्या एका गुत्त्यात जाऊन बसला. आयोवात तेव्हा दारू अशी पेल्याने विकत मिळत नसे. तीनशेच्या वर किलोमीटर गाडी हाकल्यावर, दोन पेले पोटात गेल्यावर, त्याला एकेक गोष्ट सुचत गेली : यंत्र विजेच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या नळ्यांवर, चालवायचे, आकडे दशमानात न मांडता शून्य-एकच्या द्विमानात मांडायचे, आकडे लक्षात ठेवायला विजेचा भार साठवणारे कपॅसिटर वापरायचे, आणि मोजत बसण्याऐवजी तर्काच्या नियमांनी थेट बेरीज-वजाबाकी करायची. ही कथा त्याने स्वतःच पुष्कळ वर्षांनी सांगितलेली आहे. इतक्या वर्षांनी सांगितलेल्या कथेला आपोआप एक घाट येतो, हे मला कळते. चार मोठ्या कल्पना एकाच रात्री, एकाच टेबलावर रांगेने येऊन बसल्या असतील, हे पटायला जड जाते. पण ती थंडी, तो रस्ता आणि घरापासून दूर गेल्याशिवाय न सुटणारे डोके, यांवर मात्र माझा चटकन विश्वास बसतो.

क्लिफर्ड बेरी नावाच्या हुशार विद्यार्थ्याला हाताशी घेऊन त्याने १९३९ मध्ये कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या इमारतीत, तळघरात, काम सुरू केले. सुरुवातीचे अनुदान ६५० डॉलरचे. टेबलाएवढे यंत्र, तीनशेच्या आसपास व्हॉल्व्ह, आणि सगळ्यात देखणा भाग म्हणजे सेकंदाला एक फेरी घेणारे पिंप. या पिंपाच्या आत शेकडो कपॅसिटर ओळीने बसवलेले होते. भारित असेल तर एक, नसेल तर शून्य. आता कपॅसिटर म्हणजे पाझरणारा माठ. त्यात भरलेला भार हळूहळू गळून जातो आणि आकडा विसरला जातो. अटानासॉफने त्यावर काढलेला तोडगा साधा होता. पिंप फिरता फिरता प्रत्येक कपॅसिटर एका ब्रशखाली येई, तिथे त्याचा आकडा वाचला जाई आणि लगेच तोच आकडा त्यात पुन्हा भरला जाई. गळण्याआधी भरत राहायचे, बस. आज आपल्या हातातल्या फोनची मेमरी याच तत्त्वावर जगते. तिच्यातला कोट्यवधी कपॅसिटरांचा भार काही मिलिसेकंदांच्या अंतराने वाचून पुन्हा भरला जातो. ही युक्ती आयोवाच्या तळघरातून थेट फोनमध्ये आली असे नाही. आजची मेमरी करणाऱ्यांनी ती साठच्या दशकात आपल्या वाटेने गाठली. तरी मला फोन हातात घेताना कधीकधी ते फिरणारे पिंप आठवते.

यंत्रात एक दुखणे होते. एकोणतीस अज्ञातांची एकोणतीस समीकरणे सोडवायची, तर एका वेळी दोन समीकरणे घेऊन त्यांतले एक अज्ञात उडवायचे आणि मधले उत्तर कुठेतरी टिपून ठेवायचे. त्यासाठी कागदाच्या कार्डावर उच्च दाबाच्या ठिणगीने भोके जाळली जात. जळलेल्या जागेतून नंतर कमी दाबाची वीज आरपार जाई आणि आकडा वाचला जाई. हजारो ठिणग्या नीट पडत आणि मग एक चुके. छोट्या संचाला ते खपून जाई, मोठ्या संचाला नाही, कारण शेकडो कार्डांतले एक भोक चुकले तरी पुढचे सगळे उत्तर वाया. बेरी वेगवेगळ्या कागदांवर प्रयोग करत राहिला. तेवढ्यात युद्ध आले. १९४२ मध्ये अटानासॉफ नौदलाच्या प्रयोगशाळेत गेला, बेरी कॅलिफोर्नियात नोकरीला गेला, आणि पेटंटचा अर्ज कॉलेज आणि शिकागोचे वकील यांच्यामध्ये कुठेतरी रेंगाळला तो रेंगाळलाच. १९४८ मध्ये तळघरातली ती खोली दुसऱ्या कामाला हवी होती म्हणून यंत्र मोडून टाकले. अटानासॉफला कोणी कळवलेही नाही. मागे राहिले ते एक पिंप आणि थोडे सुटे भाग.

पण त्याआधी एक पाहुणा येऊन गेला होता.

जॉन मॉकली फिलाडेल्फियाजवळच्या अर्सायनस नावाच्या छोट्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि हवामानाच्या आकडेवारीत बुडालेला असे. डिसेंबर १९४० मध्ये त्याचे एक व्याख्यान झाले. श्रोत्यांत अटानासॉफ होता. व्याख्यान संपल्यावर तो पुढे आला आणि आपणही विजेवर चालणारे गणकयंत्र करतो आहोत, बघायला या, असे म्हणाला. जून १९४१ मध्ये मॉकली आपल्या लहान मुलाला गाडीत घालून हजारावर मैलांचा प्रवास करून एम्सला, म्हणजे अटानासॉफच्या कॉलेजच्या गावी, पोचला आणि पाच दिवस अटानासॉफच्या घरी राहिला. तळघरात यंत्र पाहिले, त्यावरचा पस्तीस पानी मसुदा वाचला, बेरीशी बोलला. अटानासॉफच्या पत्नीने पाहुण्यांचे जेवणखाण केले. पाहुणा किती वेळ यंत्रापाशी होता आणि त्याला नेमके काय दाखवले, यावर तीस वर्षांनी वकिलांनी डोके फोडले. मॉकलीचे म्हणणे की मी थोडा वेळच पाहिले आणि निराश झालो, कारण ते यंत्र पुरते विजेचे नव्हतेच, त्यात फिरणारे पिंप होते. अटानासॉफचे म्हणणे अर्थातच वेगळे.

मला या सगळ्या प्रकरणात जो कागद सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मॉकलीने ३० सप्टेंबर १९४१ रोजी अटानासॉफला लिहिलेले पत्र. त्यात तो सांगतो की गणकयंत्राच्या सर्किटांबद्दल मला काही कल्पना सुचताहेत. त्यांतल्या काही तुमच्या पद्धती आणि इतर गोष्टी यांचा संकर आहेत, काहींचा तुमच्या यंत्राशी संबंध नाही. आणि मग तो सरळ विचारतो, की तुमच्या यंत्रातली काही वैशिष्ट्ये घेऊन मी एखादे यंत्र केले तर तुमची हरकत आहे का? चोर असे पत्र लिहीत नाही. हे एका सभ्य, उत्साही, थोड्या बावरलेल्या माणसाचे पत्र आहे. अटानासॉफचे उत्तरही सभ्य होते : पेटंटचा अर्ज जाईपर्यंत तपशील बाहेर जाऊ नयेत, एवढीच विनंती. तो अर्ज कधीच गेला नाही, हे दोघांनाही तेव्हा कळणार कसे? मावशीला हवी होती ती ओळ अशी एकदा लिहिली गेली होती. फक्त ती एका लिफाफ्यात गेली, चारचौघांत आली नाही.

त्यानंतर फिलाडेल्फियाच्या मूर स्कूल या अभियांत्रिकी कॉलेजात मॉकलीला प्रेस्पर एकर्ट भेटला, आणि या दोघांनी सैन्याच्या पैशावर एनिअ‍ॅक उभे केले. हे गणकयंत्र म्हणजे सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह, तीस टन वजन, सेकंदाला पाच हजार बेरजा. तोफगोळ्याचा मार्ग काढायला हाताने दिवसच्या दिवस लागत. एनिअ‍ॅक तो, खरा गोळा जमिनीवर पडण्याच्या आत काढी. इथे अटानासॉफच्या बाजूने बोलणारे लोक एक गोष्ट घाईने ओलांडून जातात. एवढे व्हॉल्व्ह एकत्र चालतील यावर तेव्हा जाणकारांचाही विश्वास नव्हता, कारण एक जरी उडाला तरी यंत्र बंद. एकर्टने प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी दाबावर चालवला, म्हणून ते टिकले. इमारतीतले उंदीर वायरींचे आवरण कुरतडतील म्हणून त्याने पिंजऱ्यात उपाशी उंदरांपुढे वेगवेगळ्या वायरींचे तुकडे टाकले आणि त्यांनी तोंड लावले नाही ती वायर निवडली. एनिअ‍ॅक द्विमानात नव्हे, दशमानात चाले. कपॅसिटरचे पिंप त्यात नव्हते. आणि तारा व बटणे बदलून त्याला वेगवेगळी कामे देता येत. अटानासॉफचे यंत्र एकच काम जाणत असे. एम्सच्या तळघरातून मॉकलीने नेले असेल तर ते यंत्र नव्हे, धीर नेला, असे मला वाटते : व्हॉल्व्ह आकडे मोजू शकतात, हे कोणीतरी करून पाहिले आहे, हा धीर. आणि धीर ही काही किरकोळ देणगी नव्हे.

पेटंटचा अर्ज या दोघांनी जून १९४७ मध्ये केला. ते मिळाले १९६४ मध्ये. तोवर पेटंट दुसऱ्या कंपनीच्या हाती गेलेले, संगणकाचा धंदा फुगलेला, आणि त्या कंपनीने इतर उत्पादकांकडे स्वामित्वधन मागायला सुरुवात केली. हनीवेल कंपनीने ते द्यायचे नाकारले, तिच्या वकिलांनी जुने कागद धुंडाळले आणि मेरीलँडमध्ये निवृत्त होऊन राहिलेला अटानासॉफ शोधून काढला. मिनिअ‍ॅपोलिसचे न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी १९ ऑक्टोबर १९७३ रोजी निकाल दिला. पेटंट रद्द, कारणे बरीच, त्यांत वेळेत अर्ज न केल्याचेही होते. पण लोकांच्या लक्षात राहिले ते एक वाक्य : स्वयंचलित इलेक्ट्रॉनिक संगणक एकर्ट आणि मॉकली यांनी प्रथम शोधलेला नाही, त्यांनी तो डॉ. जॉन व्हिन्सेंट अटानासॉफ यांच्याकडून घेतला. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सनने वॉटरगेट घोटाळ्याचा तपास करणाऱ्या सरकारी वकिलाला काढायला लावले आणि अमेरिकेतली वर्तमानपत्रे त्यातच बुडाली. बत्तीस वर्षांनी सापडलेली ओळ अशी दुसऱ्या बातमीखाली गेली. निकालाविरुद्ध अपील झाले नाही. मॉकली मात्र १९८० मध्ये मरेपर्यंत त्या वाक्याने पोळलेला राहिला.

आणि त्याने पोळून घ्यावे यात एक क्रूर योगायोग होता, कारण श्रेय हुकण्याचे दुःख त्याला आणि एकर्टला नवे नव्हते. १९४५ च्या जूनमध्ये, एनिअ‍ॅक पुरे होण्याआधीच, पुढच्या यंत्राची रचना सांगणारा शंभरेक पानांचा एक टाइप केलेला अहवाल फिरू लागला. सूचना आणि आकडे एकाच मेमरीत ठेवायचे, ही आज प्रत्येक संगणकाच्या मुळाशी असलेली कल्पना त्यात मांडलेली होती. मूर स्कूलमध्ये महिनोन्महिने सगळ्यांनी मिळून केलेल्या चर्चेतून तो आलेला होता. पण मुखपृष्ठावर नाव एकट्या गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनचे. सैन्याकडून प्रकल्प पाहणाऱ्या हर्मन गोल्डस्टाइनने तो तसाच वाटून टाकला. एकर्ट आणि मॉकली संतापले, आणि ते बरोबरच होते. आजही जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्या रचनेला फॉन नॉयमनचेच नाव आहे. एम्सला पाच दिवस राहून आलेल्या माणसाने आपल्या बाबतीत हेच घडताना पाहिले, तेव्हा त्याला ते तळघर आठवले असेल का? मला वाटते, नसेल. आपल्यावर झालेला अन्याय माणसाला इतका ठळक दिसतो की त्याच्या उजेडात बाकीचे काही दिसत नाही.

पण इतरांची नावे गाळून झालेल्या त्या वाटपाचे दुसरेही फळ आहे, आणि ते थेट मुंबईपर्यंत येते. फॉन नॉयमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे प्रिन्स्टनला जे यंत्र केले, त्याचे अहवाल त्यांनी कुलूपबंद न ठेवता मोकळे करून टाकले, आणि त्या कागदांवरून देशोदेशी यंत्रे उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या हाताखालच्या तरुणांनी १९५४-५५ पासून केलेले यंत्र त्याच धर्तीचे होते. चाळीस बिटांचे, म्हणजे चाळीस शून्य-एकांचे, शब्द, फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची मेमरी, सत्तावीसशे व्हॉल्व्ह. यातल्या बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता. आधी एक लहान चाचणी यंत्र, मग १९६० मध्ये पुरे यंत्र, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेल्या नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. त्यांच्या टेबलावरचा कागद अटानासॉफच्या हरवलेल्या अर्जासारखा वकिलाच्या कपाटात अडकला असता, तर? ज्या गोष्टीने एकर्ट आणि मॉकलीचे नाव बुडवले, तिनेच आपल्याकडच्या त्या पोरांना वाट दाखवली. हे कबूल करताना मला बरे वाटत नाही, पण ते तसे आहे.

याच ओघात मला आजोबांचे अडतीचे दुकान आठवले. गूळ, हळद, मिरची यांचा मिळून एक वास, घोंगडीवर मांडी घालून बसलेले दिवाणजी, कानावर शिसपेन्सिल. संध्याकाळी ते लांब वहीत बेरजा मारत, आधी उभ्या, मग आडव्या, आणि शेवटी कोपऱ्यात बोट ठेवून आजोबांकडे बघून मान हलवत. मावशी तेव्हा परकरातली पोर होती आणि दिवसभर त्या दुकानात लुडबुडत असे, हे आईने मला सांगितलेले आहे. चौकोन तिचा स्वतःचा असेल, लाल शाई नक्कीच तिची. पण कोपऱ्यातले ते बोट तिने पाहिलेच नसेल, असे मी म्हणू शकत नाही. दिवाणजींनी ते कुणा जुन्या कारकुनाकडून उचलले असणार. मावशीच्या तोंडून दिवाणजींचे नाव या संदर्भात मी कधी ऐकलेले नाही. तिला मी हे विचारलेही नाही. विचारून काय मिळवायचे होते? तिचे दुःख त्याने कमी खरे ठरत नाही. त्या बाईंनी तिच्या पडवीत बसून वही पाहिली होती, आणि माईकसमोर उभे राहिल्यावर ते सांगायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसते.

काही वेळा तर ओळ लिहायला कोणी शिल्लकच नसते. बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत, टाकाऊ सिनेफिल्मला भोके पाडून त्यावर सूचना लिहीत होता. १९४१ मध्ये त्याचे तिसरे यंत्र रीलेवर, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचांवर, चालू लागले, दोन वर्षांनी बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ता नव्हता. इंग्लंडमध्ये टपाल खात्याचा इंजिनिअर टॉमी फ्लॉवर्स याने जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्यासाठी कोलोसस केले, अमेरिकेत एनिअ‍ॅक चालू होण्याच्या दोन वर्षे आधी. युद्ध संपल्यावर हुकमाप्रमाणे त्याने नकाशे भट्टीत घातले. पुढे असेच यंत्र करायला कर्ज मागण्यासाठी तो बँकेकडे गेला, तर असे काही चालणे शक्य नाही म्हणून त्याला परत पाठवले. आणि ‘मी ते चालवलेले आहे’ हे वाक्य बोलायला त्याला कायद्याने बंदी होती. सत्तरच्या दशकात ते गुपित फुटेपर्यंत घरच्यांनाही तो काही सांगू शकला नाही.

अटानासॉफच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. निकालाने त्याचे नाव वर आले, बल्गेरियाने तर निकालाआधीच, १९७० मध्ये, त्याला सन्मान दिला होता, १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पदक दिले. आणि त्या यंत्राला पुढे नाव मिळाले ते अटानासॉफ-बेरी कॉम्प्युटर. त्या नावातला बेरी अटानासॉफने हट्टाने ठेवला. ज्या विद्यार्थ्याने तळघरात बसून झाळकाम केले, ठिणगीच्या कागदाशी झुंज घेतली, त्याचे नाव आपल्या नावाला जोडून घेतले. स्वतःची ओळ पळवली गेल्याचे दुःख ज्याने भोगले त्याने दुसऱ्याची ओळ तरी गाळली नाही. बेरीला हे कळले नाही. तो १९६३ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, वारला होता.

एनिअ‍ॅकच्या बाजूला असे कोणी नव्हते. यंत्राला गणित कसे घालायचे, हे शोधून काढायचे काम सहा तरुण मुलींवर सोपवलेले होते : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बायलस आणि रूथ लिक्टरमन. शिकवायला पुस्तक नव्हते. त्यांच्यापुढे सर्किटांचे नकाशे टाकले आणि समजून घ्या म्हणून सांगितले. सुरुवातीला तर त्यांना यंत्राच्या खोलीत शिरायचीही परवानगी नव्हती. फेब्रुवारी १९४६ मध्ये प्रात्यक्षिक ठरले. तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित दोन्ही बेटींनी बसवले, सगळे नीट, फक्त गोळा जमिनीवर आदळल्यावर थांबेना. गणिताच्या हिशेबाने तो जमीन खोदत खालीच जात राहिला. आदल्या रात्री स्नायडर हा गुंता डोक्यात घेऊन झोपली आणि सकाळी येऊन तिने तीन हजारांतले एक बटण फिरवले. गोळा थांबला. प्रात्यक्षिक गाजले, संध्याकाळी मोठी मेजवानी झाली, आणि या मुलींना तिचे बोलावणे नव्हते; त्या थंडीत आपापल्या घरी गेल्या. गोल्डस्टाइनने तर पुढे लिहिले की त्या दिवसाची गणिते मुख्यतः त्याने आणि त्याच्या पत्नीनेच तयार केली होती. ऐंशीच्या दशकात कॅथी क्लायमन नावाच्या विद्यार्थिनीने यंत्रापाशी उभ्या असलेल्या बायकांचा फोटो पाहून या कोण, असे विचारले, तेव्हा यंत्र उठून दिसावे म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल असतील, असे उत्तर तिला मिळाले. तिने ते मानले नाही आणि त्या बायकांना एकेक करून शोधून काढले. १९९७ मध्ये त्यांचा जाहीर गौरव झाला, तोवर रूथ लिक्टरमन हयात नव्हती. तिच्या वतीने नवऱ्याने तो स्वीकारला.

या सहांपैकी के मॅकनल्टी हिच्यापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. आयर्लंडमध्ये डोनेगलला जन्मलेली, अमेरिकेत आली तेव्हा इंग्रजीचा शब्द येत नसलेली ही मुलगी गणितात पदवी घेऊन मूर स्कूलमध्ये लागली आणि १९४८ मध्ये तिने मॉकलीशी लग्न केले. लार्सन यांच्या निकालानंतरची त्याची तडफड तिने घरात बसून पाहिली. त्याच्या मृत्यूनंतर तिने अर्सायनसच्या दिवसांतले त्याचे कागद आणि व्हॉल्व्हची छोटी सर्किटे बाहेर काढली आणि १९८४ मध्ये त्यावर लेख लिहिला : एम्सला जाण्याआधीच जॉन विजेवर आकडे मोजण्याचे प्रयोग करत होता, त्याच्यावर कोणाची उधारी नव्हती. तो पुरावा मला खोटा वाटत नाही. सप्टेंबर १९४१ चे पत्र त्याने पुसले जात नाही, एवढेच. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. पण हा लेख वाचताना माझे लक्ष भलतीकडे जाते. नवऱ्याचे श्रेय परत मिळावे म्हणून ती जुने खोके उपसत होती, त्या सुमाराला एनिअ‍ॅकच्या त्या गाजलेल्या छायाचित्रांखाली पुरुषांची नावे छापलेली असत, आणि तिचे स्वतःचे नाव बहुतेक ठिकाणी नसे.